सुनेच्या नावावरची टिक

माझ्या आजेसासूबाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी हे घर कमरेच्या किल्ल्यांवर चालवले. सासूबाईंना साठी उलटली तरी धाकट्या बाईच म्हणत. त्यांनी ते स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेल्या पाटीवर चालवले. त्यांच्यानंतर मी आले आणि मला किल्ल्याही लागल्या नाहीत, पाटीही लागली नाही, कारण माझा आवाज तिन्ही मजल्यांवर पोहोचतो. चौथी माझी सून. ती हे घर मोबाइलवर चालवते.

मोबाइलवर म्हणजे नातीने बनवलेल्या अ‍ॅपवर. नात एका कंपनीत संगणकाची कामे करते. घरापुरते, बाहेरच्या कोणालाही न दिसणारे असे एक अ‍ॅप तिने बनवले आणि त्याचे नाव ठेवले ‘हजेरी’. “शाळा काढली आहेस का घरात?” असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “आजी, शाळा होतीच, मी फक्त फळा बदलला.” जीभ तिची माझ्यावर गेली आहे. कोणाचे औषध कधी, दळण कोणी आणायचे, वीजबिल कोणी भरायचे, सगळे त्यात. काम पडून असेल तर लाल, झाले की टिक करायची; मग हिरवे होते आणि टिक करणाऱ्याचे नाव व वेळ खाली उमटते.

माझ्यासाठी स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक टॅबलेट बसवला गेला. माझे स्वतंत्र खाते उघडायचे नातीने फार मनात घेतले होते. मी नकार दिला. या घरात मी नाव नोंदवून राहावे, हे मला पटले नाही. तेव्हा तो टॅबलेट सुनेच्या खात्यावर चालू झाला आणि मी त्यावर जे काही करीन ते तिच्या नावाने उमटू लागले. याचे कोणाला काही वाटले नाही. मलाही नाही.

सासूबाईंची एक रीत मात्र मी कधी सोडली नाही. पाटीवर लिहिलेले काम त्या एखाद्याला सांगत आणि त्याने ‘हो’ म्हणताच त्यावर रेघ मारत. काम पुरे होण्याची वाट पाहत नसत. “झालं का म्हणून विचारत बसलं की आपला मान जातो,” असे त्या म्हणत. मी पाटी काढून टाकली, पण रेघ मारण्याची सवय माझ्या हातात राहिली.

आता त्या गुरुवारी काय झाले ते सांगते.

माझे धाकटे दीर आमच्याबरोबरच राहतात. वय एकाहत्तर, लग्न केले नाही. दोन वर्षांपासून त्यांची स्मरणशक्ती उतरणीला लागली आहे, म्हणून दिवसभर त्यांना वृद्धांच्या केंद्रात ठेवतो. ते केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या रस्त्याला लागून आहे. साडेतीन ते साडेचार या वेळात घरच्यांनी येऊन न्यायचे. भाऊजींना मधुमेह आहे. दुपारचे इंजेक्शन झाले की पाचच्या आत पोटात काहीतरी जावे लागते, नाहीतर साखर घसरते. मागच्या वर्षी ती घसरली तेव्हा ते जिन्यात कोसळले होते. मोबाइल ते बाळगत नाहीत. दोनदा घेऊन दिला, दोन्ही वेळा वाटेत भेटलेल्या कोणालातरी देऊन आले.

गुरुवारची पाळी सुनेची. ती रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये आहे. दुपारीच तिने हजेरीवर टाकले होते, की नमुने फार आले आहेत, आज जमणार नाही, दुसऱ्या कोणीतरी काकांना आणावे. चार वाजता मी पाहिले तर ती ओळ लालच. मी तळमजल्यावर मुलाला फोन लावला. तिथे आमचा वह्या-पुस्तकांच्या बाइंडिंगचा कारखाना आहे. माझ्या सासऱ्यांनी काढलेला, आता मुलगा पाहतो.

“भाऊजींना आणायला तू जा,” मी म्हणाले.

“हो आई, एवढा गठ्ठा कापून निघतोच.”

तो ‘हो’ म्हणाला, मी फोन ठेवला आणि टॅबलेटवर टिक केली. चार वाजून सहा मिनिटे. ओळ हिरवी झाली: आणले. खाली सुनेचे नाव.

पुढचे मला नंतर जोडून घ्यावे लागले. मुलाने निघण्यापूर्वी मोबाइल पाहिला. हिरवी ओळ आणि बायकोचे नाव पाहून त्याला वाटले, तिला सवड मिळालेली दिसते. तो पुन्हा कटिंग मशीनकडे वळला. सुनेनेही लॅबमध्ये तीच ओळ पाहिली. आपण टिक केलेली नाही हे तिला ठाऊक होते आणि स्वयंपाकघरातला टॅबलेट तिच्या नावाने बोलतो हेही ठाऊक होते. काका घरी पोहोचले असतील म्हणून आईंनी केली असेल, असे समजून ती निर्धास्त झाली. दोघे दोन ठिकाणी माझ्या एका बोटामुळे स्वस्थ बसले.

पावणेपाचला मी भाऊजींचे ताट वाढले. पाच वाजले. मी मुलाला वर बोलावले. तो आला तेव्हा त्याच्या हातांवर कागदाचा भुसा तसाच होता.

“काका कुठायत म्हणजे? ते तर केव्हाच आलेत ना?”

“आले असते तर तुला विचारलं असतं का मी?”

त्याने बायकोला फोन केला. केंद्राला लावला, घंटी वाजून बंद झाली. पंधरा मिनिटांत सून टॅक्सीने आली, अंगावर लॅबचा पांढरा कोट तसाच. तिने चप्पलही काढली नाही.

“तू काकांना कुठे सोडलंस?” त्याने दारातच विचारले.

“मी? मी आणलंच नाही त्यांना.”

“चार वाजून सहा मिनिटं. आणले. तुझं नाव. हे काय मी लिहिलं?”

“अहो, मी दुपारीच टाकलं होतं ना, जमणार नाही म्हणून.”

“मागच्या महिन्यातही जमत नव्हतं तुला. गेटवर सोडून टॅक्सी वळवलीस. माणूस वर पोचला की नाही तेवढंही बघितलं नाहीस.”

“ती चूक झाली. मी कबूल केली तेव्हाच.”

“मग हीसुद्धा कर. वेळ तरी वाचेल.”

तिने माझ्याकडे पाहिले. सव्वीस वर्षे ती या घरात आहे. मुलासमोर तिने मला एकदाही खोटे पाडलेले नाही. ते मीच तिला शिकवले होते आणि ती फार चांगली शिकली होती.

“आई,” ती अगदी हळू म्हणाली, “तुम्हाला काही माहीत आहे का?”

“मी आत होते,” मी म्हणाले.

ते खरेच होते. आत म्हणजे टॅबलेटपासून चार हातांवर.

ती आणखी काही विचारील म्हणून मी मान ताठ करून उभी राहिले. तिने विचारले नाही. मुलाने मघाशीच नातीलाही फोन लावून ठेवला होता; तेवढ्यात तिचा आवाज त्याच्या मोबाइलमधून आला. “बाबा, भांडण नंतर करा. चार सहाला आपल्या गेटवर सोडलं असेल तर चालून चालून किती लांब जातील? मी घराभोवतीचे आठ रस्ते हजेरीच्या नकाशावर टाकतेय. एकेक वाटून घ्या. बघून झाला की टिक करा. कारखान्यातल्या दोघांनाही जोडलंय मी.”

“मी केंद्राकडे जाते,” सून म्हणाली.

“तिकडे कशाला? जिथून आणलं तिथे परत शोधणार? तू बाजाराची बाजू बघ.”

ते सगळे खाली उतरले. मी स्वयंपाकघरात एकटी राहिले. पाच वाजून पंचवीस मिनिटे झाली होती.

टॅबलेटवर नकाशा उघडा होता. मधोमध आमचे घर आणि भोवती चार ठिपके सरकत होते: मुलगा, सून, दोन कामगार. पहिला रस्ता हिरवा झाला. मग दुसरा. त्या रस्त्यांवर भाऊजी नसणार हे त्या सर्व मंडळींत एकट्या मला पक्के माहीत होते. ते घराजवळ आलेच नव्हते. ते कुठेतरी मोठ्या रस्त्यालगत होते, रिकाम्या पोटी, आणि चार माणसे येथे दुकानांचे आडोसे तपासत होती.

सांगून टाकायला काय लागत होते? एक वाक्य. पण त्या वाक्यानंतर मी कोण राहिले असते? ‘आजींना टॅबलेट देऊ नका’, ‘आईचं आता वय झालं’. भाऊजींविषयी आम्ही जसे त्यांच्यादेखत बोलतो, तसे माझ्याविषयी माझ्यादेखत बोलले जाईल, हे मला स्पष्ट दिसत होते. मी स्वतःला समजावले की सापडतील, कोणीतरी आणून सोडील, मग टिक कोणी केली हे कोण विचारतो.

असेच मी एकदा पूर्वीही स्वतःला समजावले होते, आणि तेव्हाही किंमत भाऊजींनीच मोजली होती.

पन्नास वर्षे झाली. मी या घरात नवी होते. कारखान्यात सरस वितळवायची शेगडी असे. त्या चिकट सरसाने पुस्तकांच्या पाठी चिकटवत. दुपारी कामगार जेवायला गेले की ती विझवायचे काम सासऱ्यांनी माझ्यावर सोपवले होते. एके दुपारी वर पाहुणे आले, मला हाक आली आणि मी शेगडी तशीच ठेवून वर गेले. अर्ध्या तासाने तळमजल्यावरून धूर आला. शाळांच्या नोंदवह्यांचा तयार माल, पुठ्ठ्यांचा सगळा साठा आणि शिलाईचे एक टेबल जळाले. सासरे विचारीत होते, “कोणी ठेवली?” माझे ओठ उघडेनात. भाऊजी तेव्हा एकवीस वर्षांचे होते, शिलाईला त्यांच्यासारखा हात नव्हता. ते म्हणाले, “मी ठेवली.” सासऱ्यांनी सगळ्या कामगारांसमोर त्यांना दंडाला धरून बाहेर काढले आणि बजावले, “पुन्हा या दारातून आत पाऊल टाकायचं नाही.”

त्यांनी टाकले नाही. त्याच इमारतीत राहून पन्नास वर्षे ते बाजूच्या जिन्याने चढले-उतरले. एका कचेरीच्या दप्तरखान्यात फायली रचत निवृत्त झाले. सासरे गेले, माझे यजमान गेले, दार उघडे होते, तरी ते आत गेले नाहीत आणि कोणी बोलावलेही नाही. बोलावणे माझ्या हातात होते. घरातल्या मुलांनी त्यांचे नावच ‘शेगडीकाका’ पाडले. ते हसत. मीही हसले आहे.

टॅबलेटवर काहीतरी हलले. चार ठिपक्यांतला एक नकाशाच्या कडेला गेला होता आणि केंद्राच्या दिशेने वेगाने चालला होता. सुनेचा. माझी टिक म्हणजे काय, हे तिने ओळखले होते आणि मुलाला न सांगताच टॅक्सी पकडली होती. मी श्वास सोडला. आता काही बोलायला नको, ती जातेच आहे.

लगेच मुलाने सर्वांना दिसेल असे लिहिले: “तू तिकडे कुठे निघालीस? बाजार कोण बघणार? आधीच घोळ घातलायस, आता तरी सांगितलेलं ऐक. परत फिर.”

ठिपका थांबला. मग मागे फिरला.

पाच वाजून अडतीस मिनिटे. टॅबलेटच्या खालच्या कोपऱ्यात माइकचे चित्र आहे. ते दाबून बोलले की आवाज सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम जातो, हे नातीने दाखवले होते. मी ते दाबले.

“मी बोलते आहे. चार वाजून सहा मिनिटांची टिक मी केली. सूनबाईने नाही. भाऊजींना कोणीही आणलेले नाही, ते केंद्राजवळच आहेत. मघाशी मला विचारले तेव्हा मी सांगितले नाही. घराभोवती कोणी शोधू नका, सगळे तिकडे जा. सूनबाई, तू पुढे हो. तू बरोबर चालली होतीस.”

चारही ठिपके जागच्या जागी थबकले. तेवढा वेळ मला सहन झाला, याचे आजही नवल वाटते. मग सुनेचा ठिपका पुन्हा वळला आणि बाकीचे तिन्ही तिच्यामागे निघाले.

मी ताटातली पोळी फडक्यात बांधली, साखरेचा डबा घेतला आणि खाली उतरून टॅक्सी थांबवली.

वाटेत नातीचा फोन आला. केंद्राच्या बाईंशी तिचे बोलणे झाले होते. त्यांनी सव्वाचारला भाऊजींना गेटपर्यंत सोडले, गेटसमोर एक टॅक्सी उभी दिसली, ती आमचीच समजून त्या आत गेल्या. “आजी,” नात म्हणाली, आणि थांबली.

“बोल काय बोलायचं ते.”

“काही नाही. पट्टा लाव टॅक्सीत.”

केंद्रापाशी उतरले तेव्हा सहा वाजायला आले होते. रस्त्यावर वाहनांची रांग लागली होती. मुलगा दुभाजकावर उभा राहून दोन्ही बाजूंना पाहत होता. इतका घाबरलेला मी त्याला लहानपणानंतर पाहिला नव्हता. त्याने मला पाहिले आणि तोंड फिरवले. एक कामगार बसथांब्यावर विचारत होता. दुसरा पुलाखाली वाकून पाहत होता. तेथे त्याला नेमके काय सापडेल याचा विचार मी केला नाही.

“आई! इकडे!”

सून गल्लीच्या तोंडाशी हात हलवत होती. केंद्राच्या मागच्या गल्लीत झेरॉक्सचे एक छोटे दुकान आहे. आत मशीनशेजारी, स्टुलावर भाऊजी बसले होते. समोर कागदांचे ढीग. एकेक गठ्ठा उचलून ते टेबलावर आपटत, चारही कडा सारख्या करत आणि बाजूला रचत. त्यांचे केस घामाने कपाळाला चिकटले होते आणि हात इतके थरथरत होते की कडा जुळता जुळत नव्हत्या. तरी ते पुन्हा आपटत होते.

“साडेचारपासून बसलेत,” दुकानाची मालकीण म्हणाली. “मला म्हणाले, तुमचे कागद वाकडे आहेत. मला वाटलं, कोणीतरी न्यायला येईलच. आता दुकान बंद करायचं तर यांचं काय करू?”

सुनेने कोटाच्या खिशातून साखर तपासण्याचे लॅबचे छोटे यंत्र काढले, त्यांच्या बोटाला सुई टोचली, आकडा पाहिला आणि माझ्या हातातला डबा ओढून घेतला. दोन चमचे साखर तिने पाण्यात घोळून त्यांना पाजली. मग आणखी दोन. आम्ही उभे होतो. दहा मिनिटांनी त्यांच्या ओठांवर रंग आला. पोळीचा तुकडा मोडून ते म्हणाले, “भाजी नाही?”

मुलगा मटकन पायरीवर बसला आणि हसू लागला. त्याचे ते हसणे रडण्याला लागून होते. “शेगडीकाका,” तो म्हणाला, “तुम्ही एक दिवस आम्हाला मारणार. कारखाना तर जाळलातच.”

“हो ना,” भाऊजी म्हणाले. “माझ्याच हातून झालं ते.”

ते विसरले होते का, खरेच तसे मानू लागले होते का, की पन्नास वर्षांनीही मला सांभाळत होते, मला कळले नाही. न कळणे मला अधिक लागले.

“उद्या नऊ वाजता मशीन बंद ठेव,” मी मुलाला म्हणाले. “सगळे कामगार थांबव.”

“आई, उद्या मोठी ऑर्डर—”

“थांबव म्हणाले.”

परतीच्या टॅक्सीत सून माझ्याशेजारी बसली होती. “आई,” ती म्हणाली, “तुमचं खातं उघडून देऊ का?”

“दे,” मी म्हणाले. “आणि सूनबाई, माझं चुकलं.”

हे वाक्य मी तिला कधी म्हटले नव्हते. तिने मान हलवली. माफ केले असे ती म्हणाली नाही, आणि तिने म्हणावे अशी अपेक्षा धरण्याचा मला अधिकारही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऊजींना हाताला धरून बाजूच्या जिन्याने खाली आणले आणि कारखान्याच्या दाराशी उभी राहिले. आत सात कामगार, मुलगा आणि सून. नातही सुट्टी टाकून आली होती. मशीन बंद असल्यामुळे खोलीत विचित्र शांतता होती. भाऊजी उंबऱ्याशी अडले.

“वहिनी, मला आत यायचं नसतं.”

“ज्यांनी बंदी घातली त्यांना खरं माहीत नव्हतं,” मी म्हणाले. मग आत वळून, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले: “पन्नास वर्षांपूर्वी या जागेत सरसाची शेगडी चालू राहिली आणि माल जळाला. ती मी चालू ठेवली होती. यांनी माझा आळ स्वतःवर घेतला आणि मी तो घेऊ दिला. मामंजींनी यांना कामगारांसमोर बाहेर काढले, म्हणून मी हे कामगारांसमोर सांगते आहे. आजपासून त्यांना शेगडीकाका कोणी म्हणायचे नाही. त्यांची जागा शिलाईच्या टेबलावर, खिडकीजवळ. ज्याला हे मान्य नसेल त्याने माझ्याशी बोलावे.”

मुलगा माझ्याकडे असा पाहत होता, जणू मी त्याला आजच भेटले होते. भाऊजी माझ्या कानाशी वाकले.

“वहिनी, सांगायचं नाही असं ठरलं होतं आपलं.”

“तुम्ही पाळलंत,” मी म्हणाले. “मला सोडवा आता त्यातून.”

त्यांनी थोडा विचार केला. मग माझा हात सोडला, उंबरा ओलांडला आणि खिडकीजवळच्या टेबलाशी गेले. सर्वांत धाकट्या कामगाराने उठून खुर्ची मोकळी केली. बसल्यावर त्यांनी समोरच्या वहीची शिलाई बोटाने चाचपून पाहिली.

“ढिली आहे,” ते म्हणाले. “सुई द्या.”

मुलाने स्वतः सुई ओवून त्यांच्या हातात दिली.